किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवा

आपलं गाणं व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवता येईल असं आम्हाला खरंच वाटलं होतं. चौघं एकमेकांना दिसतोय, ऐकू येतोय, मग अडलंय कुठे? रविवारी रात्री नऊला बसलो आणि नऊ वाजून चार मिनिटांनी मास्तर ओरडला, "थांबा, थांबा! कोण कुणाच्या मागे आहे?"

प्रत्येक जण प्रत्येकाच्या मागे होता. मास्तर गिटारवर समेला यायचा तेव्हा मला त्याची मागची मात्रा ऐकू येत असायची. मी त्याच्यासाठी थांबायचे, तो माझ्यासाठी थांबायचा, आणि दर आवर्तनाला लय आणखी मंदावत जायची. दहा मिनिटांत गाणं जवळजवळ थांबलंच. त्यात मी कीबोर्डवर लांब सूर धरला की कॉलचं सॉफ्टवेअर तो पंख्याचा आवाज समजून गिळून टाकायचं. बोलण्यासाठी बनवलेली वस्तू ती. बोलणं सोडून जे काही सलग येतं ते तिच्या लेखी कचरा.

हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. मंचावर दोघं वाजवणारे आठ-दहा मीटर लांब उभे असले तरी सांभाळून घेतात. पंचवीस-तीस मिलिसेकंदांचा उशीर माणूस पचवतो. कॉलवर दीडशे-दोनशे सहज होतात. मास्तरनं तिथल्या तिथे हिशेब केला आणि जाहीर केलं, "आपण पन्नास-साठ मीटरवर उभे आहोत. मैदानाच्या दोन टोकांना."

मास्तर शाळेत गणित शिकवतो, म्हणून मास्तर. गिटार त्याची, चालही त्याचीच: सहा मात्रांची, संथ, मुखडा आणि दोन अंतरे. गाणारी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. काही वर्षं रीतसर शिकली, मग नोकरीच्या रगाड्यात तानपुऱ्याचं ॲप फोनमध्ये तेवढं उरलं. तिचा धाकटा भाऊ काहोन वाजवतो, म्हणजे ती लाकडी पेटी जिच्यावर बसून जिलाच बडवतात. आणि मी कीबोर्डवर. लॅपटॉप बरा होता म्हणून रेकॉर्डिंगचं खातंही माझ्याकडे आलं. निवडणूक वगैरे झाली नाही.

नाद सोडण्याआधी एक प्रयोग आणखी केला. निंजॅम नावाचं २००५ सालचं सॉफ्टवेअर आहे, त्याची युक्ती मला फार आवडली. उशीर घालवता येत नाही ना, मग तो पूर्ण आवर्तनाएवढा करून टाका! तुम्ही आत्ता वाजवलेलं बाकीच्यांना पुढच्या फेरीत ऐकू येतं, पण बरोबर समेवर बसलेलं. एकाच स्वरसंगतीवर घोळत राहायचं असेल तर झकास. आमच्या गाण्यात मात्र मी अंतऱ्यावर पोचायचे तेव्हा मास्तर माझ्या कानात अजून मुखड्यातच असायचा. एक संध्याकाळ केलं आणि ठेवून दिलं.

मग ठरलं की ज्यानं त्यानं आपल्या घरी वाजवायचं, फायली माझ्याकडे पाठवायच्या आणि मी त्या एकावर एक रचायच्या. त्यासाठी आधी एक गाईड ट्रॅक हवा. पुढे कदाचित फेकूनच द्यायचा, पण सगळ्यांनी ज्याला धरून चालायचं असा. तो मास्तरनं करायचा.

मास्तरनं एका फोनवर मेट्रोनोम लावला, मिनिटाला ८४ मात्रा, आणि दुसऱ्या फोनवर गिटार रेकॉर्ड केली. ऐकलं तर गिटारच्या आत टक टक टक टक. मेट्रोनोम स्पीकरवरून वाजत होता, तोही इमानदारीत टिपला गेला होता. एकदा असा मिसळलेला आवाज वेगळा काढणं म्हणजे चहातून साखर काढणं. दुसऱ्या वेळी त्यानं कानात वायरचा हेडफोन घातला. आता टकटक गेली, पण गिटार श्वास लागल्यासारखी वर-खाली व्हायला लागली. जोरात छेडली की आवाज दबायचा, हळू वाजवली की मागची शांतताच मोठी होऊन पुढे यायची. फोनचं रेकॉर्डिंग ॲप आपल्या मनानं आवाज सारखा करत होतं. ते 'आपोआप' प्रकरण बंद करण्याची सोय असलेलं दुसरं ॲप सापडेपर्यंत आठवडा गेला. तोवर मास्तर गाणं इतक्या वेळा वाजवून चुकला होता की चौथा टेक अक्षरशः पाण्यासारखा आला.

फायली जुळवायला आम्ही सिनेमावाल्यांची टाळी उसनी घेतली. मोजायचं एक ते सहा, पुढच्या समेला एक टाळी, मग सुरू. स्क्रीनवर टाळीचा उंच, सुईसारखा काटा दिसतो. सगळ्यांचे काटे एका रेषेत आणले की झालं. हेडफोन ब्लूटूथचा असेल तर आवाज कानापर्यंतच उशिरा पोचतो, पण मग टाळीही तेवढ्याच उशिरा पडते आणि काटा सरकवला की दोन्ही एकदम सुधारतात. हे मला रात्री एक वाजता सुचलं आणि मी इतकी खूश झाले की सगळ्यांना तेव्हाच मेसेज केला. एकानंही दाद दिली नाही.

फायलींबद्दल एक गोष्ट मात्र मी हुकूमशहासारखी ठरवून टाकली: पाठवायचं ते वेव्हमध्येच, म्हणजे न दाबलेल्या फायलीत, एमपी३ नको. एमपी३ करताना फाइलच्या तोंडाशी थोडी रिकामी जागा आपोआप चिकटते. काही मिलिसेकंदच असतात, पण चार घरांतून चार वेगळ्या तऱ्हेनं चिकटून आल्या की शोधत बसा. शिवाय चॅटवरून आवाज पाठवला की तो आणखी पिळला जातो. मिनिटाला आठ-दहा एमबी होतात, होऊ देत.

आणि मग काहोन आला.

धाकट्याची फाइल मी आत ओढली, टाळीला टाळी लावली, प्ले केलं. पहिल्या समेला छान. मग तो रेंगाळायला लागला. दुसरं आवर्तन संपेपर्यंत स्वारी पूर्ण एक मात्रा मागे. मला वाटलं, पठ्ठ्यानं मेट्रोनोम भलत्याच आकड्यावर लावलाय. फोन केला.

"अरे, लय काय ठेवलीस?"

"चौऱ्याऐंशी. गाईडवरच वाजवलंय की."

"गाईड कानात होता?"

"ताई, दोन्ही कानांत होता."

"मग इतका ढकलत का वाजवलायस?"

यावर तो गप्प झाला. धाकटा गप्प झाला की त्याला लागलेलं असतं. रात्री गाणारीचा फोन, की तू त्याला काय बोललीस, तो पेटी गुंडाळून ठेवतो म्हणतोय. मी म्हटलं, फाइल खोटं बोलत नाही. मी ती सगळ्यांना पाठवून दिली, बघा तुम्हीच.

मास्तरनं गाणं ऐकलंच नाही. त्यानं लांबी बघितली. गाईड ४ मिनिटं ६ सेकंदांचा. काहोन ४ मिनिटं २८ सेकंदांचा. म्हणजे २४६ आणि २६८. भागिले तर १.०८९च्या आसपास. आणि ४८,००० भागिले ४४,१०० किती? १.०८८. "तो बरोबर आहे," मास्तर म्हणाला, "तू चुकलीस."

धाकट्याचा फोन सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने टिपत होता आणि माझा प्रोजेक्ट होता ४४,१०० चा. फाइल आत घेताना सॉफ्टवेअरनं मला विचारलं होतं, रूपांतर करू का? मी नेहमीप्रमाणे न वाचता 'नाही' दाबलं होतं. मग त्यानं तेच नमुने सावकाश वाटत वाटत वाजवले. लय ८४ वरून ७७ वर आली आणि आवाजही जवळजवळ दीड पट्टी खाली उतरला. गाणं असतं तर पहिल्या सुरालाच कळलं असतं. काहोनचं काय कळणार? उलट मला वाटलं होतं, वा, आज ठोका कसा भरदार लागलाय!

हे दोन आकडे मुळात आले कुठून ते मी त्यानंतर वाचलं, अपराधी माणूस वाचतो तसं. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि एखादी लहर पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा नमुना घ्यावा लागतो. म्हणजे चाळीस हजाराच्या वर काहीतरी. नेमका ४४,१०० हा आकडा सीडीच्याही आधीचा, डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे त्या काळातला. टेपवरच्या चित्राच्या रेघांत जेवढे नमुने मावले तेवढे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती तोच आकडा घेऊन. व्हिडिओवाल्यांनी पुढे ४८,००० धरला, आणि फोन त्यांच्या बाजूचे. धाकट्याला मी हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सॉरी म्हणतेयस ना?" म्हटलं.

मायक्रोफोन आमच्यात एकच चांगला. कंडेन्सर, छोट्या ऑडिओ इंटरफेससकट, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीसकट. तो टॉवेलात गुंडाळून एका पिशवीतून घरोघर फिरायचा. गाणारीकडे पिशवी पोचली तेव्हा बरोबर मी एक कागद दिला होता: बेडरूममध्ये गा, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या पुढ्यात माइक, पाठीमागे रजई टांग, तोंड माइकपासून एक वीत लांब, पंखा बंद, खिडकी बंद, फ्रिज बंद. कंडेन्सर माइक म्हणजे भिंतीला कान. फ्रिज दोन खोल्या पलीकडे असला तरी त्याची घरघर येते, आणि गाताना ती कुणाला ऐकू येत नाही. ऐकू येते ती फ्रिज मध्येच थांबतो तेव्हा, म्हणजे सर्वांत चांगल्या ओळीच्या मधोमध.

पहिल्या रात्री तिनं फ्रिज बंद केला, अकरा टेक दिले, आणि झोपली. सकाळी फरशीवर तळं.

मग मी तिला आवाज टिपणाऱ्या लोकांची जुनी युक्ती सांगितली: घराबाहेर पडायच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेव. किल्ल्या घ्यायला उघडलास की दिवा लागणार नाही, लक्षात येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. या वेळी फ्रिज वेळेवर सुरू केला होता, झोपायच्या आधी आठवणीनं, भिंतीवरच्या बटणानं, दार न उघडता. आता ऑफिसला उशीर होत होता आणि किल्ल्या घरभर शोधून सापडत नव्हत्या. "कुठे ठेवल्या असतील गं मी?" असं ती मला विचारत होती. मला.

त्या गार किल्ल्यांचा जुडगा धाकट्यानं नंतर दुसऱ्या अंतऱ्यात वाजवलाय, तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर. आमच्या गाण्यातलं सर्वांत जास्त वाखाणलं गेलेलं वाद्य तेच.

तिचे पहिले अकरा टेक तसे वायाच गेले होते, आणि फ्रिजमुळे नव्हे. ती सगळीकडे किंचित मागे राहत होती. कारण पुन्हा उशीरच, फक्त या वेळी तिच्याच आवाजाचा. माइकमधून आवाज लॅपटॉपमध्ये जातो, तिथे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थोडा थांबतो, मग तिच्या हेडफोनमध्ये परत येतो. बफर १,०२४ नमुन्यांचा असेल तर जाताना २३ मिलिसेकंद, येताना तेवढेच. गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून यायला लागला की तो त्याच्यासाठी थांबतो, अगदी आमच्या त्या रविवारासारखं, फक्त एकट्यानं. बफर १२८ वर आणला की एका बाजूचा उशीर ३ मिलिसेकंदांवर येतो, पण तिचा लॅपटॉप जुना, तो तडतडायला लागला. शेवटी कळलं की इंटरफेसवरच एक बटण आहे, त्यानं आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ कानात येतो. ते बटण पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. त्याच्यावर हेडफोनचं चित्रसुद्धा होतं.

हे सुधारलं तरी अंतऱ्याच्या तोंडाशी ती अजून चुकायची. म्हणजे नेमकं एकाच ठिकाणी, पाचही वेळा, केसभर उशिरा. हे मला कळेना, कारण महिनाभर आधी फोनवर नुसती गुणगुणायची तेव्हा झोपेतसुद्धा ती जागा बरोबर उचलायची.

"आधी तिथे मास्तर असायचा," ती म्हणाली.

"आताही आहे की. गाईड तोच आहे."

"नाही गं. तिथे काहीतरी होतं."

जुनी फाइल आणि नवी फाइल मी शेजारी शेजारी लावल्या. तिला गाताना त्रास नको म्हणून मी मधे गाईड 'स्वच्छ' केला होता. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे: दोन सेकंदांची निव्वळ शांतता निवडायची, हा गोंगाट म्हणून ओळख करून द्यायची, मग तो त्याच जातीचा गोंगाट सगळ्या फायलीतून उपसून काढतो. वर मी नॉइज गेटही लावला होता, म्हणजे गिटार थांबली की दार बंद, पूर्ण काळोख. स्क्रीनवर फार सुंदर दिसत होतं ते. जुन्या फायलीत, मुखडा संपून अंतरा सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या मात्रेवर, मी आवाज वाढवत वाढवत नेला आणि मग ऐकू आलं: मास्तर नाकानं श्वास घेतो. छोटा, तीक्ष्ण, पाण्यात उडी मारण्याआधी घेतात तसा. त्याच्या नकळत, दोन्ही अंतऱ्यांपूर्वी. एका खोलीत असतो तर ती त्याच्या खांद्याकडे बघून उचलली असती. खोली नव्हती म्हणून ती त्या श्वासावर उचलत होती, तिच्याही नकळत, आणि तो मी साफ करून टाकला होता.

गेट काढला. जुना, सूं सूं करणारा गाईड तिला परत पाठवला. पहिल्याच टेकला अंतरा असा उचलला गेला की मी खुर्चीतून उठले.

हे आम्ही मास्तरला सांगायला नको होतं. त्यानंतरच्या प्रत्येक टेकमध्ये तो लोहाराच्या भात्यासारखा श्वास घ्यायला लागला. शेवटी त्यांतला पहिलाच ठेवला.

सुराचं काय केलं, हे सगळे विचारतात. ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ मध्ये ज्यानं आणलं तो अँडी हिल्डेब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी काम करायचा, जमिनीखालून परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय दडलंय ते गणितानं काढायचं काम. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. मला हे वाचून फार आनंद झाला होता आणि त्या आनंदाच्या भरात मी गाणारीच्या सगळ्या ट्रॅकवर सूरदुरुस्ती पूर्ण जोरात लावली. तिच्या गाण्यात मींड आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर ती घसरत, मधल्या सगळ्या जागांना स्पर्श करत जाते. यंत्राला वाटलं, मधल्या जागा म्हणजे चुका. त्यानं घसरगुंडीच्या पायऱ्या केल्या. कणस्वर तर चिमटीत धरून काढून टाकले. तिला ऐकवलं तेव्हा तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कोण गातेय ही?" मी दुरुस्ती काढली. एक पंचम तेवढा खरोखर उतरला होता, तो हातानं, एकट्याला उचलला. कुठला ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि हे ती वाचेल तेव्हा माझी काही खैर नाही.

माझा कीबोर्ड मिडीतून घेतलेला, म्हणजे आवाज टिपलेलाच नाही. कुठली पट्टी, कधी, किती जोरात, एवढीच नोंद, आणि तो जोरही ० ते १२७ या आकड्यांत. ही व्यवस्था १९८३ सालची, अजून जशीच्या तशी चालते. तिच्यात चुका नंतर माऊसनं सरकवून सुधारता येतात, त्यामुळे मी रियाज केला नाही आणि सगळं सरकवून नेमक्या रेषेवर बसवलं. ऐकताना असं वाटलं, तीन माणसं गप्पा मारतायत आणि चौथा बातम्या वाचतोय. पुसून पुन्हा वाजवलं. यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही.

मिक्स करायला सगळ्यांत जास्त दिवस गेले आणि त्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यांत कमी आहे. मी आवाज कमी-जास्त करायचे, सकाळी ऐकायचे, काल रात्रीची मी बहिरी होते अशी खात्री पटायची, पुन्हा करायचे. फायलींची नावं 'फायनल', 'फायनल_२', 'फायनल_खरंच', 'हे_पाठवू_नको'. मोठ्या आवाजात सगळंच चांगलं वाटतं, म्हणून मी शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात मिक्स करायला शिकले. तेवढ्यात शब्द कळले आणि ठेका कळला तर बाकी चालतं. एकदा फोनच्या छोट्या स्पीकरवर लावलं तर गिटार निम्मी गायब. मास्तरनं शेवटची गिटार दोन माइक लावून घेतली होती, आमचा एक आणि त्याचा फोन. एका माइकची लहर वर जाते तिथे दुसऱ्याची खाली, दोन्ही एकत्र आल्या की एकमेकींना खातात. हेडफोनमध्ये डावी-उजवी वेगळी असल्यानं कळलंच नव्हतं. फोनवाली गिटार काढून टाकली. तिच्याबरोबर मास्तरच्या खुर्चीची करकर जाईल असं वाटलं होतं, पण ती दुसऱ्या माइकवरही आहे, २ मिनिटं ३८ सेकंदांवर. आहे.

प्रत्येकाला आपलं वाद्य कमी वाटायचं, हे सांगायला नकोच. मास्तर हुशार, तो कधी 'गिटार वाढव' म्हणायचा नाही. "कीबोर्ड जरा डोळ्यावर येतोय का?" असं विचारायचा.

एका रात्री मोजले तर चार माणसांचे ट्रॅक ४३ झाले होते. टाळ्यांचे चार, तिच्या मागच्या आवाजाचे नऊ, किल्ल्यांचे सहा. १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ म्हणून घरगुती यंत्र आलं होतं, कॅसेटवर फक्त चार ट्रॅक. पाचवा हवा असेल तर आधीचे तीन एकत्र करून चौथ्यावर ओतायचे आणि मग ते कायमचे तसेच. मागाहून 'गिटार जरा कमी' म्हणायची सोय नाही. मी ठरवलं, आपणही तसं वागून बघू. तिच्या मागच्या आवाजाचे नऊचे दोन केले, किल्ल्यांचा एक. दर ट्रॅक पुसताना वाटायचं गाणं लंगडं होईल, आणि दर वेळी उलट बाकीच्यांना बसायला जागा मिळायची. चौदावर थांबले.

शेवट मात्र आमच्याकडे नव्हताच. गाईडमध्ये मास्तर शेवटची ओळ तीनदा वाजवतो आणि शेवटच्या सुरावर त्याच्या दाराची बेल वाजते. तेव्हा आम्ही म्हटलं, हा काय फेकायचाच आहे. पण बाकी सगळे त्याच्यावरच वाजवून बसले, आणि मास्तरनं नवी गिटारसुद्धा सवयीनं तिथेच सोडली. मी काय केलं, शेवटची ओळ आणखी दोनदा चिकटवली आणि तिच्यावर माऊसनं एक तिरकी रेघ ओढली. बारा सेकंदांत सगळे हळूहळू दूर जातात. छान वाटतं, एखादी गाडी वळणाआड गेल्यासारखं.

सुरू केल्याला पाच महिने झाले होते. गाणं पूर्ण झालं म्हणून आम्ही चौघं एका खोलीत जमलो, या सगळ्या काळात पहिल्यांदाच. दिवे मालवून ऐकलं. करकर आली तेव्हा चौघंही हसलो. मग धाकटा म्हणाला, "वाजवूया की आता, खरं खरं."

त्यानं पेटी ओढली, मास्तरनं गिटार काढली. मोजायची गरज पडली नाही. मुखडा सरळ उभा राहिला. अंतऱ्यापाशी मास्तरनं श्वास घेतला, गाणारीनं डोळे मिटलेले होते तरी उचलला, आणि मी वाजवताना चुकले तर तिघांनी मिळून मला सावरून पुढे नेलं, जे त्या ४३ ट्रॅकांपैकी एकानंही कधी केलं नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्यात धाकट्यानं एका हातानं किल्ल्या वाजवल्या. मग शेवटची ओळ आली. एकदा झाली, दोनदा झाली, तीनदा, पाचदा.

मास्तर गाणारीकडे बघायला लागला. ती माझ्याकडे. मी धाकट्याकडे. आम्ही कुणीच हे गाणं संपवायला शिकलेलो नव्हतो. सहाव्या फेरीला मास्तरनं आवाज बारीक केला, तर धाकट्याला वाटलं आता एक जोरदार फेरी येणार, आणि त्यानं दणकून तिहाई घेतली. तिहाईवर मी थांबले, पण मास्तर थांबला नाही, म्हणून मी पुन्हा शिरले. नवव्या फेरीला गाणारीला हसू आवरेना. ती शब्द सोडून नुसती 'आ' करत होती, आणि मास्तर दर आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेला मोठ्यानं नाकानं श्वास घेत होता, भुवया उंचावून, आता, आता, आणि आम्ही तिघं दर वेळी त्या श्वासावर इमानदारीत पुन्हा सुरू होत होतो.